घड्याळाच्या वॉशरला कुठलं ग्रीस लावता?

आरामखुर्ची
सोमवार, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. मुक्काम रत्नागिरी. जून ते सप्टेंबर आमच्याकडे बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं, तिथे घड्याळाची काय कथा.

गेल्या वर्षी एका क्वार्ट्झ घड्याळाचा सेल दुकानातून बदलून घेतला. ब्रँड आणि दुकान दोन्ही मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कुणाचा ते अजून मलाच कळलेलं नाही. पाठीवर '१०० मीटर' असं कोरलंय. पहिल्याच पावसात काचेच्या आत धुकं. दोन दिवसांनी गेलं, पुढच्या सरीला परत हजर. शेवटी यंदा मी स्वतःच मागचं झाकण फिरवून उघडलं. आतली काळी रबरी रिंग खडखडीत कोरडी, आणि एका जागी झाकणाखाली चेपून चिरलेली.

नवीन रिंग मिळवतोच आहे. अडलंय ते तिला लावायच्या ग्रीसवर. माझ्यापुढे आत्ता आहेत ते असे: औषधाच्या दुकानातलं व्हॅसलिन. आमचा आरओवाला फिल्टरच्या रिंगला लावतो ते पांढरट सिलिकॉन ग्रीस, त्याने बाटलीच्या बुचात थोडं काढून दिलंय. सीकोची ती गोल स्पंजवाली डबी. आणि परदेशी हौशी लोक ज्याची आरती करतात ते फॉम्ब्लिन, ज्याच्या एवढ्याशा नळीच्या किमतीत कॅसिओचं नवंकोरं एफ-९१डब्ल्यू येईल आणि वर चहा होईल.

खरंच फरक पडतो का? की रबराला काहीतरी बुळबुळीत लावलं की भागलं?

---

चहाबाज
सोमवार, रात्री १०:११

खोबरेल. आमच्या घरी कुरकुरणाऱ्या दारापासून आजोबांच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याला तेच लागतं.

---

खवचट
सोमवार, रात्री १०:१४

@चहाबाज, आणि डिसेंबरात गोठलं की घड्याळ उन्हात ठेवायचं, बाटलीशेजारी.

---

पेठेतला
सोमवार, रात्री १०:४०

एवढा उपद्व्याप कशाला? चांगल्या दुकानात द्या, पाच मिनिटांत करून देतात. ज्याचं काम त्याने करावं. उद्या दाढ दुखली तर काय घरी पक्कड घेऊन बसणार?

---

आरामखुर्ची
सोमवार, रात्री १०:४६

@पेठेतला, दुकानातूनच तर आणलं होतं हो. पाच मिनिटांतच करून दिलं होतं.

---

घड्याळवेडा७४
सोमवार, रात्री ११:२०

माझं मत स्पंजवाल्या डबीला. डबीत दोन्ही बाजूंना स्पंज असतो, त्यात सिलिकॉन ग्रीस मुरवलेलं. रिंग खालच्या स्पंजवर ठेवायची, झाकण लावायचं, हलकं दाबून थोडं फिरवायचं. रिंगला सगळीकडून सारखा पातळ थर बसतो. बोटांनी लावायला गेलं की एकीकडे लोणी आणि दुसरीकडे कोरडं, असं होतं. शिवाय बोटाचे केस, कापसाचे तंतू, सगळं चिकटतं. एक केस जरी रिंगखाली आडवा गेला तरी पाण्याला वाट झाली.

माझी डबी सहा वर्षं चालली आहे, अजून संपलेली नाही. वीस-बावीस घड्याळं आहेत, म्हणजे वापर कमी नाही. (आकडा घरात सांगू नका.)

---

भोसरीकर_निवृत्त
मंगळवार, सकाळी ६:५०

मी रबरातला माणूस. भोसरी एमआयडीसीत ऑइल सील आणि ओ-रिंग बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्य गेलं. घड्याळातलं मला काही कळत नाही, पण तुमची रिंग मला कळते. म्हणून आधी उलटा प्रश्न. रिंग कशाची आहे? ते कळल्याशिवाय ग्रीस ठरवणं म्हणजे रोगी न बघता औषध देणं.

काळी रिंग बहुतेक वेळा नायट्राइलची असते. हे रबर मुळात तयारच झालं पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल यांच्या शेजारी राहण्यासाठी. त्यामुळे 'व्हॅसलिन लावलं की रबर फुगतं' हे जे सगळीकडे सांगतात ते नायट्राइलच्या बाबतीत खरं नाही. ते फुगतं नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर. ईपीडीएमला खनिज तेलाचा स्पर्श झाला की ते पाव चहात बुडवल्यासारखं होतं. दिसायला तेही काळंच, ही त्यातली मेख.

सिलिकॉन ग्रीस नायट्राइलला चालतं, ईपीडीएमला चालतं, व्हिटॉन नावाच्या रबरालाही चालतं. फक्त एका ठिकाणी चालत नाही, सिलिकॉन रबराच्या रिंगला. सिलिकॉनचं तेल सिलिकॉनच्या रबरात मुरतं, रिंग फुगते, मऊ पडते आणि खाचेत मावेनाशी होते. नात्यातलं नात्यात मुरतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

फॉम्ब्लिन ही वेगळीच जात, फ्लोरिन असलेलं तेल. कुठल्याच रबराशी त्याचं भांडण नाही आणि नातंही नाही, म्हणून महाग.

आता मुद्द्याचं. पाणी ग्रीस अडवत नाही, दाबलेलं रबर अडवतं. झाकण आवळलं की रिंग खाचेत चेपते आणि चेपलेली रिंग दोन्हीकडच्या धातूला रेटा देते. तो रेटा म्हणजे सील. ग्रीस तिला आवळताना घसरू देतं, पीळ पडू देत नाही आणि धातूवरचे बारीक ओरखडे भरतं. तुमची रिंग चिरली कारण फिरत्या झाकणाने कोरड्या रबराला ओढत नेलं. तिथे ग्रीस हवं होतं, पण त्याआधी नवी रिंग हवी होती. आठ-दहा वर्षं चेपलेलं रबर चपटं होऊन बसतं, त्याला चांदीचा वर्ख लावला तरी ते परत गोल होत नाही.

---

पेठेतला
मंगळवार, सकाळी ८:१५

भोसरीकर काका, प्रतिसाद वाचून माझी दाढ दुखायची थांबली. वाचनखूण साठवली.

---

नंदीबैल
मंगळवार, सकाळी ९:०२

पण रिंग कशाची आहे ते घरी कसं ओळखायचं? वर लिहिलेलं नसतं काही.

---

भोसरीकर_निवृत्त
मंगळवार, सकाळी ९:४०

@नंदीबैल, जुनी फेकायची रिंग असेल तर तिचा एवढासा तुकडा चिमट्यात धरून जाळा. सिलिकॉन असेल तर मागे पांढरी राख राहते. नायट्राइल काळाकुट्ट धूर करत जळतं आणि मागे काळंच राहतं. लवकर पेटतच नसेल, ज्योत काढली की लगेच विझत असेल, तर ते व्हिटॉन असू शकतं आणि मग तिथेच थांबा. त्याचा धूर फार वाईट, फुप्फुसाला घातक. तुकडा नखाएवढा आणि जागा गच्चीवरची. स्वयंपाकघरात नको.

---

सुगरण_नव्हे
मंगळवार, सकाळी ११:१८

सॉरी, जरा वेगळं विचारते. कुकरचं गॅस्केट सैल झालं की मी फ्रीजरमध्ये ठेवते आणि मग ते दोन-चार वेळा शिट्टी देतं. घड्याळाचं ठेवलं तर?

---

भोसरीकर_निवृत्त
मंगळवार, सकाळी ११:५५

@सुगरण_नव्हे, ताई, फ्रीजरमध्ये रबर आकसतं आणि कडक होतं, म्हणून झाकणात तात्पुरतं घट्ट बसतं. गरम झालं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कुकरलासुद्धा नवंच घ्या, वाफेशी खेळ नको.

---

खवचट
मंगळवार, दुपारी १२:०३

म्हणजे घड्याळ फ्रीजरमध्ये ठेवलं तर तीन शिट्ट्यांनंतर बंद करायचं ना?

---

सुगरण_नव्हे
मंगळवार, दुपारी १२:१०

मंद आचेवर.

---

सातारी_टिकटिक
मंगळवार, दुपारी ३:३०

आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, बाबांनी चाळीस वर्षं चालवलं. मी कॉलेजात असताना सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून सेल आणि पट्टे बदलायची. त्यामुळे दुकानाच्या बाजूने दोन शब्द.

भोसरीकर काकांचं रबराबद्दलचं सगळं मान्य. व्हॅसलिनवर मात्र माझा वेगळा आक्षेप आहे. नायट्राइल फुगत नसेल, पण व्हॅसलिन उन्हात पातळ होतं. मे महिन्यात घड्याळ दुचाकीच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेखाली राहिलं की ते पाझरतं. आणि पाझरून जाणार कुठे? आत, मशीनवर. बाबांकडे अशी घड्याळं यायची. काटे ठीक, सेल ठीक, पण चक्रांवर पिवळट चिकट थर आणि त्यात धूळ. गिऱ्हाईक म्हणायचं, "घड्याळ मागे पडतंय." मशीन पूर्ण खोलून धुवावं लागायचं.

सिलिकॉन ग्रीससुद्धा जास्त लावलं तर साधुसंत नाही. त्याचं तेल पृष्ठभागावर हळूहळू पसरत जातं. चिमट्याला लागलेलं तसंच राहिलं आणि त्याच चिमट्याने मशीनला हात लावला तर तिथलं मूळ तेल आपली जागा सोडतं. म्हणून बाबा रिंगचं काम वेगळ्या चिमट्याने करायचे, टेबलाच्या वेगळ्या कोपऱ्यात. काच चिकटवायची असेल त्या दिवशी तर ग्रीसची डबी खणातच राहायची, कारण सिलिकॉन लागलेल्या जागी डिंक धरत नाही.

किती लावायचं याचं बाबांचं माप होतं. रिंग उजेडात धरली तर ओली दिसली पाहिजे, पण पांढऱ्या कागदावर ठेवून उचलली तर ठिपका पडता कामा नये.

---

घड्याळवेडा७४
मंगळवार, दुपारी ३:५२

@सातारी_टिकटिक, कागदाची युक्ती भारी. आत्ता करून बघितली. माझ्या रिंगेने कागदावर अख्खी रांगोळी काढली.

---

आरामखुर्ची
मंगळवार, दुपारी ४:२०

म्हणजे आरओवाल्याचं ग्रीस चालेल? काळी रिंग नायट्राइल असेल असं धरून.

---

भोसरीकर_निवृत्त
मंगळवार, सायंकाळी ५:०५

@आरामखुर्ची, शुद्ध सिलिकॉन ग्रीस असेल तर चालेल. पिण्याच्या पाण्याजवळ वापरतात म्हणजे वाईट नसावं. पण मूळ डबा कुठला ते त्याला विचारा. बाजारात 'सिलिकॉन' असं ठळक लिहिलेलं आणि आत निम्मं खनिज तेल, असाही माल मिळतो. बुचातल्या मालावर लेबल नसतं.

---

जुना_पीसी
मंगळवार, सायंकाळी ६:३३

माझ्याकडे प्रोसेसरला लावायची थर्मल पेस्ट आहे, तीपण पांढरी आणि सिलिकॉनवालीच असते म्हणे. ती?

---

बे_एरियातला
मंगळवार, रात्री ९:१५

@जुना_पीसी, नको, नको, नको. तिच्यात उष्णता वाहून न्यायला झिंक ऑक्साइडसारखी भुकटी घातलेली असते. रिंगला लावणं म्हणजे बारीक वाळू लावणं.

मी सनीव्हेलला असतो, घड्याळांचा नाद इथे येऊन लागला. पाठीच्या रिंगेला मी मोलिकोट १११ वापरतो. घट्ट सिलिकॉन ग्रीस आहे, नळ आणि व्हॉल्वच्या रिंगांसाठी बनवलेलं. एक नळी म्हणजे जन्माची बेगमी. त्याच कंपनीचं मोलिकोट ५५ मात्र मुद्दाम वेगळं आहे. ते हलत्या रिंगांसाठी असून रबराला किंचित फुगवतं, म्हणजे झिजलेली रिंग पुन्हा टेकावी. घड्याळाच्या बारीक खाचेत तो फुगवटा नको असतो. नावं शेजारशेजारची असल्याने लोक चुकून दुसरंच मागवतात. मीही मागवलं होतं.

फॉम्ब्लिनबद्दल एवढंच म्हणेन की महागड्या डायव्हर घड्याळांच्या दुरुस्तीत ते वापरतात, आणि बरोबरच वापरतात. आपण हौशी लोक मात्र त्या दुरुस्तीच्या टेबलावर बसलोय असं वाटावं म्हणून विकत घेतो. माझ्याकडे आहे. उघडलेलं नाही.

---

खवचट
मंगळवार, रात्री ९:२१

देव्हाऱ्यात ठेवलंय का?

---

बे_एरियातला
मंगळवार, रात्री ९:२४

फ्रीजच्या दारात, लोणच्याशेजारी. बायकोने एकदा विचारलं होतं, हे कशाला लावून खायचं.

---

तारकर्ली_तळ
बुधवार, सकाळी ७:४५

मी मालवण-तारकर्ली भागात स्कूबा शिकवतो. रिंगा आणि ग्रीस हा आमचा रोजचा धंदा. टॉर्च, कॅमेऱ्याची पेटी, रेग्युलेटर, सगळीकडे ओ-रिंग. त्यामुळे तीन गोष्टी सांगतो, पहिली भोसरीकरांचीच.

काही कॅमेरा-पेट्यांच्या रिंगा सिलिकॉन रबराच्या असतात आणि त्यांच्यासोबत कंपनी आपलं वेगळं ग्रीस देते. एका पाहुण्याने साधं सिलिकॉन ग्रीस फासलं. दोन दिवसांत रिंग खाचेबाहेर चकलीसारखी. कॅमेरा वाचला, कारण पेटी बंदच होईना.

दुसरं म्हणजे ऑक्सिजन. ज्या सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन भरतात, त्यांच्या रेग्युलेटरला आम्ही सिलिकॉन ग्रीस लावत नाही, पेट घेण्याचा धोका असतो. तिथे फॉम्ब्लिनच्या जातीचंच लागतं. म्हणजे त्या महाग नळीचं खरं काम असं आहे. मनगटावर नाही.

तिसरं, ग्रीस वाळू धरतं. पुसून लावलेलं बरं, लिंपलेलं वाईट. समुद्रातून आल्यावर घड्याळ आधी गोड्या पाण्यात खळबळून घ्या. चावी, म्हणजे वेळ लावायचं बाजूचं बटण, आवळलेली असताना, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण दर मोसमात एक जण तरी चावी ओढून धुतो.

---

नियमावली
बुधवार, सकाळी १०:२०

दोन स्पष्टीकरणं, कारण धाग्यात 'वॉटरप्रूफ' आणि '१०० मीटर' हे शब्द सैल वापरले जात आहेत.

साध्या घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे प्रमाणक आहे आणि डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ ६४२५. दुसऱ्यात किमान १०० मीटर लागतं आणि चाचणी लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाला घेतात. १० मीटर पाणी म्हणजे साधारण एक बार दाब. पण हे सगळं नव्या घड्याळाबद्दल आहे. पाठीवरचा आकडा कायमचा नसतो, तो रबराच्या वयाबरोबर उतरतो आणि एकदा झाकण उघडलं की पुन्हा तपासल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

२२८१० मधलीच एक चाचणी घरी करण्यासारखी आहे. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत गरम करायचं, मग काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, एक मिनिटाने पुसायचा. आत धुकं दिसलं तर आत ओल आहे.

---

चहाबाज
बुधवार, सकाळी १०:२६

गरम कशावर करायचं? तवा चालेल?

---

नियमावली
बुधवार, सकाळी १०:३१

तव्याला ४५ अंशांवर थांबायला सांगता येत असेल तर चालेल.

---

कोपऱ्यातला_रेडिओ
बुधवार, दुपारी २:१०

वाचता वाचता वडिलांचं एचएमटी आठवलं. देवनागरीत 'जनता' लिहिलेलं, चावीचं. बंगळूरला १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि पुढच्या तीस वर्षांत लग्नात, पहिल्या नोकरीला, निवृत्तीला, सगळ्यांच्या मनगटावर तेच. आमच्या वडिलांकडे पावसाळ्यातला सीलबंद उपाय होता. घरातून निघताना घड्याळ काढून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, पिशवीला रबरबँड, आणि ती शर्टाच्या आतल्या खिशात. कचेरीत पोचले की पुन्हा मनगटावर. वेळ बघायची तर वाटेत दुसऱ्याला विचारायचे.

ते घड्याळ अजून चालतं. मागची पाठ दाबून बसवायची आहे. तिलाही ग्रीस लावू का?

---

सातारी_टिकटिक
बुधवार, दुपारी ३:०५

@कोपऱ्यातला_रेडिओ, दाबून बसणाऱ्या पाठीत फिरणं नसतं, त्यामुळे रिंग ओढली जात नाही. रिंग असलीच तर अगदी नावाला ग्रीस. आणि कितीही लावलंत तरी ते घड्याळ पाण्याचं होणार नाही. चावीपाशी, काचेपाशी धूळ अडवण्यापुरतीच सोय असते. तुमच्या वडिलांची पिशवी हाच त्याचा खरा सील.

---

घड्याळवेडा७४
बुधवार, दुपारी ३:२०

पिशवीची आठवण फार आवडली. आमचे काका ताट धुताना घड्याळ दंडावर सरकवायचे, कोपराच्या वर. तिथे वळ कायमचा.

---

हिरवट_पितळ
बुधवार, सायंकाळी ७:४०

ग्रीसच्या पुढची पायरी सांगतो, म्हणजे कुणी करू नये. मी एका दुकानात घड्याळ दिलं, (नाव नको) आणि त्या माणसाने 'पक्कं वॉटरप्रूफ करून देतो' म्हणत रिंगच्या जागी न्हाणीघरातलं सिलिकॉन सीलंट भरलं. आठवडाभर मनगटाला व्हिनेगरचा वास येत होता. मला वाटलं मीच काहीतरी खाल्लंय. सहा महिन्यांनी घड्याळ थांबलं. उघडायला पाठ निघेना, निघाली तेव्हा आत पितळ हिरवं. तो वास म्हणजे सीलंट सुकताना सुटणारं ॲसेटिक आम्ल होतं, हे नंतर कळलं. बंद डबीत आम्लाची वाफ कोंडून दिली होती पठ्ठ्याने.

पाणी मात्र एक थेंब गेलं नव्हतं.

---

भोसरीकर_निवृत्त
बुधवार, रात्री ८:१५

@हिरवट_पितळ, वाचून हसावं की रडावं कळेना. सीलंट आणि ग्रीस दोन्हींच्या नावात सिलिकॉन आहे, एवढंच साम्य. एक सुकून रबर होतं, दुसरं कधीच सुकत नाही.

---

पेठेतला
बुधवार, रात्री ९:००

मूळ प्रश्नकर्ते कुठे गेले? आम्ही इथे कुकर, ऑक्सिजन आणि व्हिनेगरपर्यंत पोचलो.

---

आरामखुर्ची
बुधवार, रात्री ९:३०

आहे आहे, वाचतोय. रिंगच्या शोधात होतो. पाठीतली खाच मोजली, आतला व्यास २८, जाडी ०.६ मिलिमीटर. रत्नागिरीत एवढी बारीक कुणाकडे नाही. पुण्यात कुठे मिळेल?

---

भोसरीकर_निवृत्त
बुधवार, रात्री ९:५०

रविवार पेठेत बोहरी आळीत ओ-रिंग, बेअरिंगची दुकानं आहेत, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीट. पण तिथे यंत्रांच्या जाड रिंगा जास्त. ०.६ हवी तर घड्याळाचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. आणि जुनी ताणलेली रिंग मोजून मागू नका, तुम्ही केलंत तसं खाच मोजूनच. दोन मापं घ्या, एक नेमकं आणि एक किंचित कमी व्यासाचं. मोठी रिंग खाचेत वळकटते आणि पुन्हा चेपून चिरते.

---

आरामखुर्ची
(सतरा दिवसांनी) शनिवार, सायंकाळी ६:१०

अपडेट द्यायचा राहिला होता. सगळं क्रमाने सांगतो.

जुनी रिंग गच्चीवर जाळली. काळा धूर, काळी राख, म्हणजे नायट्राइल. पुण्याला भाचीच्या साखरपुड्याला गेलो होतो तेव्हा २८ आणि २७.५ अशा दोन्ही रिंगा आणल्या. आरओवाल्याचा मूळ डबा बघितला, त्यावर शुद्ध सिलिकॉन लिहिलं होतं, पण तोपर्यंत मी स्पंजवाली डबी मागवून बसलो होतो. (घड्याळवेडा, तुमचा रोग संसर्गजन्य आहे.) खाच लाकडी टूथपिकने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केली. आत कुणाच्या तरी टॉवेलचा निळा धागा निघाला. रिंग कागदावर ठेवून पाहिली, ठिपका नाही. २७.५ ची छान बसली, झाकण लोण्यासारखं फिरलं.

मग नियमावलींची चाचणी. उन्हात पत्र्यावर ठेवून गरम केलं, थर्मामीटर शेजारी, वर फ्रीजमधल्या पाण्याचा थेंब. मिनिटाने पुसला.

धुकं. तसंच्या तसं.

म्हटलं आतली जुनी ओल असेल. पाठ उघडून घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन दिवस डब्यात बंद ठेवलं. (आईने तांदळात ठेव म्हणून सांगितलं होतं, तिला हो म्हटलं.) पुन्हा बंद केलं, पुन्हा चाचणी. काहीच नाही, काच स्वच्छ. मी खूश. तिसऱ्या दिवशी पावसात बाजारात गेलो, आलो, आणि संध्याकाळी परत धुकं.

शेवटी हार मानून पुण्यात एका दाबयंत्रवाल्याकडे दिलं. काय मजेशीर यंत्र आहे! घड्याळ बंद नळकांड्यात पाण्याच्या वर टांगतात आणि हवेचा दाब वाढवतात. भोक असेल तर ती हवा घड्याळात शिरते. मग घड्याळ पाण्यात बुडवून दाब हळूहळू सोडतात. आत शिरलेली हवा बाहेर यायला बघते आणि जिथून गळतं तिथून बुडबुड्यांची माळ निघते. बुडबुडे दिसताच लगेच वर ओढून घेतात, नाहीतर त्याच भोकातून पाणी आत जाईल.

माझ्या घड्याळाच्या पाठीतून एकही बुडबुडा नाही. माळ निघाली चावीतून. ज्या बटणाने वेळ लावतो त्याच्या आत एक टीचभर रिंग असते म्हणे, ती झिजून गेलेली. आमचा हा अख्खा धागा पाठीच्या रिंगवर चाललाय आणि पाणी पहिल्या दिवसापासून बाजूच्या दाराने येत होतं.

---

सातारी_टिकटिक
शनिवार, सायंकाळी ६:४०

अरेरे! आणि मी दुकानात वाढलेली, मलाही विचारावंसं सुचलं नाही. पाठीची रिंग एका जागी बसून असते, चावीची मात्र दर वेळी चावी ओढली, फिरवली, ढकलली की घासते. तीच आधी जाते. चिरलेली रिंग समोर दिसली आणि आपण सगळे तिच्याच मागे लागलो. बऱ्याच घड्याळांत ती आतली रिंग सुटी मिळत नाही, अख्खी चावीच बदलावी लागते. तुमची मिळाली का?

---

आरामखुर्ची
शनिवार, सायंकाळी ६:५२

चावी मागवली आहे, पंधरा दिवस लागतील. तोवर घड्याळ दुधाच्या पिशवीत आहे.

---

कोपऱ्यातला_रेडिओ
शनिवार, सायंकाळी ६:५५

रबरबँड कुठला लावलाय?

---

भोसरीकर_निवृत्त
शनिवार, सायंकाळी ७:०१

नैसर्गिक रबराचा असणार. व्हॅसलिन लावू नका त्याला.

---

खवचट
शनिवार, सायंकाळी ७:०४

आणि चावीच्या नव्या रिंगला काय लावायचं? वेगळा धागा काढू?

---

सातारी_टिकटिक
शनिवार, सायंकाळी ७:१२

धागा नको, धाग्यानेच गळती झाली होती. तेच सिलिकॉन ग्रीस, पण रिंगला आणि चावी जिच्यावर बसते त्या नळीच्या बाहेरच्या अंगाला पुसटसं. नळीच्या भोकात नाही, तिथून दांडीवरून थेट मशीनमध्ये जातं. जुनी चावी फेकू नका, मला तिच्या आतला फोटो हवाय.